घर घ्यायचे, पण कुठल्या टाउनमध्ये?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की दोन विषय हमखास कानावर पडतात. एक, कुणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि दोन, कुणी कुठल्या टाउनमध्ये घर घेतले. ह्या संक्रांतीलाही तेच झाले. माझ्या पुढचे एक गृहस्थ मोठ्या आनंदाने सांगत होते, "आमचे प्रिन्स्टनला झाले बरं का!" त्यावर मागून कुणीतरी विचारले, "म्हणजे खरे प्रिन्स्टन, की नुसता पत्ता प्रिन्स्टनचा?" सगळे हसले. ते गृहस्थही हसले, पण थोडे उशिरा.

प्रश्न खवचट होता, पण चुकीचा नव्हता. प्रिन्स्टनचा पोस्टाचा पत्ता असलेली बरीच घरे प्रत्यक्षात शेजारच्या वेस्ट विंडसर, लॉरेन्स, मॉन्टगोमेरी अशा टाउनशिपमध्ये मोडतात. पत्र प्रिन्स्टनच्या नावाने येते, पण टॅक्स भरायचा तो त्या टाउनशिपला आणि मुलेही जातात त्या टाउनशिपच्या शाळेत. घर पाहायला जाताना पहिला प्रश्न हाच विचारावा, एवढे तरी त्या रांगेतून शिकण्यासारखे होते.

हा लेख लिहायला कारण मात्र वेगळे घडले. माझा भाचा आणि भाचेसून गेली पाच वर्षे प्लेन्सबोरोला अपार्टमेंटमध्ये राहतात. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा एक वर्षाचा. आता घर घ्यायचे आहे आणि गाडी तीन नावांवर अडली आहे: वेस्ट विंडसर, मॉन्टगोमेरी आणि प्रिन्स्टन. एका रविवारी दोघे लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. कुठल्या शाळेचा क्रमांक कितवा, कुठे किती बेडरूम, कुठे किती टॅक्स, असा मोठा तक्ता त्यांनी केला होता. "मावशी, तू इतकी वर्षे इथे आहेस, तूच सांग," भाचा म्हणाला.

मी रिअल इस्टेट एजंट नाही. पंचवीस वर्षे एका कंपनीच्या हिशेब खात्यात काढली, एवढेच माझे भांडवल. पण तो तक्ता पाहून जे मनात आले ते माझ्या अनुभवातून आले होते आणि तो अनुभव मी मंडळात आजवर कुणालाही सांगितलेला नाही. आज सांगते, कारण तीच चूक करण्याच्या तयारीत असलेली बरीच तरुण जोडपी मला दिसतात.

आमची गोष्ट

आम्ही १९९८ साली ह्या देशात आलो. सुरुवातीची वर्षे प्लेन्सबोरोच्या अपार्टमेंटमध्ये गेली. २००५ साली, बाजार अगदी चढलेला असताना, वेस्ट विंडसरला चार बेडरूमचे घर घेतले. दोन पगार होते, म्हणून बँकेने जितके देऊ केले तितके सगळे कर्ज उचलले. डाउन पेमेंटला पैसे कमी पडले तेव्हा दुसरे छोटे कर्ज काढले. गृहप्रवेशाला ऐंशी माणसे जेवली. घर सुंदर होते, टाउन उत्तम होते. त्या दोघांबद्दल माझी आजही तक्रार नाही.

२००९ च्या फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याची न्यूयॉर्कमधली नोकरी गेली. पुढचे अकरा महिने माझ्या एकटीच्या पगारातून मॉर्गेजचे दोन हप्ते आणि टॅक्स गेल्यावर महिन्याला तीनशे डॉलर हातात उरत. आरोग्य विमा त्याच्या नोकरीतून होता. त्या वर्षी सरकारने कोब्राच्या हप्त्यातला ६५ टक्के भार काही महिने उचलला, म्हणून विमा टिकला. घर विकावे म्हटले तर घराची किंमत कर्जाच्या खाली गेलेली. ४०१-के मधून पैसे काढले. भारतात सासूबाईंना पाठवायची रक्कम निम्मी केली आणि त्यांना खोटेच कारण सांगितले. त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात आम्ही दोघे ठेवणीतले कपडे घालून हजर होतो आणि "काय, कसं काय?" ला "मजेत!" असेच उत्तर देत होतो. अजून तीन महिने नोकरी मिळाली नसती तर घर गेले असते.

नोकरी मिळाली, कमी पगाराची. तीन वर्षांनी, २०१२ साली, सकाळी प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावरच त्याच्या छातीत दुखू लागले. दोन स्टेंट बसले. वय शेहेचाळीस. घराच्या कर्जामुळे हे झाले असे म्हटले तर ते खोटे ठरेल, कारण त्याच्या वडिलांनाही पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला होता. पण रोज जाऊन-येऊन साडेतीन तासांचा प्रवास, पाच तासांची झोप आणि मनात सतत हप्त्याची आकडेमोड, ह्यांचा त्यात काहीच वाटा नव्हता असेही मला म्हणवत नाही.

तीन टाउन, एक फरक

आता मूळ प्रश्नाकडे वळते. माझे मत स्पष्ट आहे. ह्या तीन टाउनमधला फरक फार थोडा आहे. झेपणारे घर आणि न झेपणारे घर ह्यांतला फरक मात्र फार मोठा आहे. आणि आपली मंडळी थोड्या फरकावर सहा महिने काथ्याकूट करतात, मोठ्या फरकाचा निर्णय बँकेवर सोडून देतात. बँक तुम्हाला किती कर्ज मिळेल ते सांगते. किती घ्यावे, हे तिला विचारायचे नसते.

शाळांचेच घ्या. तिन्हीकडच्या शाळा चांगल्या आहेत. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबोरो ह्यांचा शाळा-जिल्हा एकच असून त्यात नॉर्थ आणि साउथ अशी दोन हायस्कुले आहेत. कुठल्या रस्त्यावरचे मूल कुठल्या हायस्कुलात जाते, ते घर घेण्यापूर्वी शाळा-जिल्ह्याला विचारावे. प्रिन्स्टनला एक पब्लिक हायस्कूल, तिथे क्रॅनबरीची मुलेही येतात. मॉन्टगोमेरीलाही एकच, तिथे रॉकी हिलची मुले येतात. आता नीट वाचा: प्लेन्सबोरोच्या भाड्याच्या अपार्टमेंटमधल्या मुलाला शाळा-जिल्हा तोच मिळतो, जो वेस्ट विंडसरच्या मोठ्या घरातल्या मुलाला मिळतो. म्हणजे भाच्याची मुलगी आज जिथे राहते तिथूनही त्याच जिल्ह्यातल्या शाळेत जाणार आहे. "शाळेसाठी घर घेतो" हे वाक्य त्यांच्या बाबतीत खरे नव्हते. हे मी म्हटले तेव्हा दोघे एकमेकांकडे बघू लागले.

शाळेचा क्रमांक आणखी एक गोष्ट सांगत नाही. २०१५ साली ह्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो जिल्ह्याच्या सुपरिंटेंडंटनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिले. हायस्कूलमधल्या मिड-टर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाशिवायच्या ठरल्या. पालकांत दोन तट पडले आणि प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेले. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. एकदा जेवताना मी तिला म्हणाले, "तुझ्या शाळेसाठी आम्ही हे घर घेतलंय." ती शांतपणे म्हणाली, "मग मला बी मिळाला तर घर परत करायचं का?" तो ताण शाळेने दिलेला नव्हता. घराचे ओझे नकळत आम्हीच तिच्या पाठीवर ठेवले होते.

महिन्याचा खरा आकडा

आता थोडे गणित. हे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा दोन घरे आहेत. पहिले दहा लाख डॉलरचे, दुसरे आठ लाखांचे. दोन्हीकडे २० टक्के डाउन पेमेंट, ३० वर्षांचे कर्ज, साडेसहा टक्के व्याज.

पहिल्या घराचा हप्ता महिना ५,०५७ डॉलर. वर्षाचा टॅक्स २०,००० धरला तर महिना १,६६७. विमा २५०. एकूण ६,९७४.

दुसऱ्याचा हप्ता ४,०४५. टॅक्स वर्षाला १७,००० म्हणजे महिना १,४१७. विमा २००. एकूण ५,६६२.

फरक महिना १,३१२ डॉलरचा. किंडरगार्टन ते बारावी अशी तेरा वर्षे धरली तर दोन लाखांवर जातो. शिवाय डाउन पेमेंटमधले ४०,००० डॉलर हातात राहतात ते निराळेच. ह्यात गवत कापणे, बर्फ काढणे, छप्पर, बॉयलर काहीच धरलेले नाही.

"पण मावशी, तो पैसा वाया कुठे जातो? घर ही गुंतवणूकच ना?" भाचेसुनेने विचारले. प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. हप्त्यातला मुद्दलाचा भाग म्हणजे बचतच असते. पण आठ लाखांच्या कर्जावर पहिल्या महिन्याच्या ५,०५७ डॉलरपैकी ४,३३३ निव्वळ व्याज असते. घराची किंमत वाढली तर फायदा होतो. दोन वर्षे त्या घरात राहिल्यावर विकताना नवरा-बायकोला मिळून पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर फेडरल टॅक्स लागत नाही, हेही खरे. २०१२ च्या सुमारास ज्यांनी घेतले त्यांचे भले झाले. २००५ साली घेणाऱ्यांना विचारा, तेही ह्याच टाउनमध्ये राहतात. वाईट वर्षे सोसून जे घर हातात ठेवता येते ती गुंतवणूक. वाईट वर्षातच जे विकावे लागते ते नव्हे.

टॅक्सबद्दल दोन गोष्टी. न्यू जर्सीत २०२४ साली घराचा सरासरी टॅक्स वर्षाला दहा हजारांच्या वर गेला आणि ह्या तीन टाउनमधल्या मोठ्या घरांचा त्याहून बराच जास्त असतो. दोन टाउनच्या टॅक्सचे नुसते दर समोरासमोर ठेवू नका. एका टाउनने घरांचे मूल्यांकन नुकतेच केलेले असते, दुसऱ्याने कित्येक वर्षांपूर्वी, त्यामुळे दर फसवतात. त्या घराचे प्रत्यक्ष बिल पाहा आणि बाजारभावाच्या किती टक्के ते पडते ते काढा. नव्या बांधलेल्या घराचे सुरुवातीचे बिल नुसत्या जमिनीवरचे असू शकते. घराचे बिल मागाहून येते आणि पोटात गोळा येतो. दुसरे म्हणजे राज्याचा आणि घराचा टॅक्स मिळून फेडरल टॅक्समध्ये मिळणारी वजावट २०१८ पासून १०,००० वर अडकली होती. २०२५ च्या कायद्याने ती ४०,००० पर्यंत नेली, पाच लाखांवरच्या उत्पन्नाला मात्र ती कमी होत जाते आणि २०३० साली मर्यादा पुन्हा १०,००० वर येईल असे त्याच कायद्यात आहे. तीस वर्षांचे कर्ज चार-पाच वर्षांच्या सवलतीवर बेतू नये.

तासांचा हिशेब

घराची दुसरी किंमत तासांत मोजावी लागते. भाच्याला आठवड्यातून तीन दिवस न्यूयॉर्कला जावे लागते. उद्या पाच दिवस बोलावले तर? वेस्ट विंडसरमध्ये स्टेशन गावातच आहे, पण गाडीने साधारण तासभर लागतो आणि तो स्टेशनपासून स्टेशनपर्यंतचा. मॉन्टगोमेरीत मोठे प्लॉट मिळतात, मोकळी हवा मिळते, पण रेल्वे स्टेशन नाही. सकाळी २०६ नंबरचा रस्ता, मग प्रिन्स्टनमधून वॉशिंग्टन रोडने रूट वन ओलांडून जंक्शनला यायचे. ज्याचे ऑफिस ब्रिजवॉटरकडे आहे त्याला मॉन्टगोमेरी फार सोयीचे, न्यूयॉर्कवाल्याला नव्हे. गाडीभाडेही वाढतेच आहे: जुलै २०२४ मध्ये एकदम १५ टक्के वाढले आणि पुढे दर जुलैला ३ टक्के वाढवायचे ठरले. माझ्या नवऱ्याचे रोजचे साडेतीन तास वर्षाच्या २३० दिवसांनी गुणले तर ८०५ तास होतात. म्हणजे आठ तासांचा एक असे शंभर कामाचे दिवस त्याने गाडीत आणि फलाटावर काढले.

२०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हाच हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे. आपल्याला चालायला, झोपायला आणि घरचे जेवायला इतरांपेक्षा जास्त वेळ हवा. म्हणून घर पाहताना बेडरूम मोजून झाल्या की दाराबाहेर पडा. फुटपाथ आहे का? पुण्याहून आई-वडील सहा महिने येतील तेव्हा गाडीशिवाय ते कुठे जाऊ शकतील? खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि पूर्ण बाथरूम आहे का? मोठ्या घरात दिवसभर एकट्या बसलेल्या आईला तुमचा टाउनचा क्रमांक काही उपयोगाचा नसतो.

घाई करू नका

भाच्याने प्रिन्स्टनच्या एका घरावर मागितल्यापेक्षा जास्त बोली लावायची आणि इन्स्पेक्शनही सोडून द्यायचे ठरवले होते. स्पर्धा आहे, एजंटने सुचवले, सगळेच करतात, असे कारण. ह्याला माझा ठाम विरोध आहे. मर्सर आणि सॉमरसेट ह्या दोन्ही काउंटी रेडॉनची शक्यता सर्वांत जास्त असलेल्या गटात येतात. रेडॉन हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानाखालोखालचे कारण आहे आणि ते ना दिसते ना त्याला वास येतो. चाचणीत आकडा ४ किंवा जास्त आला तर उपाय करून घ्यावा लागतो. जुन्या घरांच्या अंगणात गाडलेली तेलाची टाकी निघते, तिची गळती साफ करायचा खर्च मालकावर येतो. मॉन्टगोमेरीत काही भागांत विहिरीचे पाणी आणि सेप्टिक टँक आहे, ते तपासावे लागते. मिलस्टोन नदी ह्या सगळ्या परिसरातून वाहते आणि सप्टेंबर २०२१ मधल्या आयडा वादळाने सेंट्रल जर्सीत काय केले ते आपण पाहिले आहे. मार्च २०२४ पासून घर विकणाऱ्याने पुराच्या धोक्याची माहिती लेखी देणे बंधनकारक झाले आहे, ती मागून घ्या. करारावर सही झाल्यावर वकिलाकडून तपासून घ्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात, ते वाया घालवू नका.

दोन परीक्षा

मग घर घ्यावे की नाही? जरूर घ्यावे. आमच्या घराने आम्हाला खूप दिले, मुलीचे सारे बालपण तिथे गेले. पण आधी दोन परीक्षा द्याव्या.

पहिली: दोघांपैकी मोठा पगार सहा महिने बंद पडला असे धरा. राहिलेला पगार आणि बाजूला ठेवलेली पुंजी ह्यांत हप्ता, टॅक्स आणि आरोग्य विमा निघतो का? जे एच-वन व्हिसावर आहेत त्यांनी हे जास्तच काटेकोरपणे पाहावे. नोकरी गेल्यावर हाती साधारण ६० दिवस असतात आणि तेवढ्यात दुसरी नोकरीही शोधायची, वेळ आली तर घरही विकायचे. माझा भाचा एच-वनवर आहे. त्याच्या तक्त्यात ह्यासाठी रकानाच नव्हता.

दुसरी: आजचे भाडे आणि नव्या घराचा महिन्याचा एकूण खर्च ह्यांतला फरक दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकून सहा महिने राहून दाखवा. बँकेच्या कागदावर जे जमते ते स्वयंपाकघरात जमते का, ते कळते. वर डाउन पेमेंटमध्ये भरही पडते.

ह्या दोन परीक्षांत जे घर उतरेल ते ज्या टाउनमध्ये असेल, ते तुमचे टाउन. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या आजीनेच सांगून ठेवले आहे. इथे येऊन आपण अंथरूणही कर्जाने घेऊ लागलो, एवढाच फरक.

भाच्याने प्रिन्स्टनची बोली मागे घेतली. एजंटला आवडले नाही. भाचेसूनही चार दिवस माझ्याशी जरा तोडकेच बोलली, ते मी समजू शकते. तिने त्या घराच्या खिडक्यांचे पडदेसुद्धा मनात ठरवून ठेवले होते. आता दोघे दुसरी परीक्षा देताहेत. भाडे ३,००० आणि नवा खर्च ६,९७४ धरून दर महिन्याला ३,९७४ डॉलर बाजूला टाकायचे ठरले. पहिला महिना पार पडला. दुसऱ्या महिन्यात पुण्याची तिकिटे काढायची म्हणून त्यातले पैसे काढावे लागले. "मावशी, नाही जमलं," फोनवर भाचा म्हणाला. आवाज पडलेला होता. मी म्हटले, "बरे झाले की. घर न घेताच कळले." मागून भाचेसुनेचा आवाज आला, "मावशी, आठ लाखांचा आकडा घालून बघू का परत?"

ज्यांनी हे दिवस पाहिले आहेत त्यांनी आपला अनुभव ह्या पानासाठी जरूर लिहून पाठवावा. नाव घालायचे नसेल तर घालू नका. २००९ साली आमच्यासारखे आणखी कुणी आहे एवढे जरी मला कळले असते, तरी त्या गणपतीत मी "मजेत" म्हटले नसते.